पंचवीस माणसांचं लग्न

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

लग्नाचा फोटोग्राफर म्हटला, की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? स्टेजच्या पायऱ्यांवर उभा असलेला, घामाघूम झालेला, ‘वहिनी, जरा इकडे बघा’ असं ओरडणारा एक माणूस. त्याच्या बाजूला व्हिडिओवाला, त्याच्या हातात डोळे दिपवणारा दिवा, आणि त्या दिव्याची वायर ओढत फिरणारा एक पोरगा. समोर आहेराची रांग. रांगेतलं प्रत्येक जण वधूवरांच्या शेजारी येऊन उभं राहतं, कॅमेऱ्याकडे बघतं, पाकीट देतं आणि पंगतीकडे वळतं. हे काम मी पंचवीस-तीस वर्षं केलं आहे आणि त्याला नावं ठेवणार नाही. आमची चूल त्यावरच पेटली. पण आज मला बोलायचं आहे ते दुसऱ्या लग्नाबद्दल. घरातल्या दिवाणखान्यात, वाड्याच्या चौकात नाहीतर गच्चीवर पंचवीस-तीस माणसांत होणाऱ्या लग्नाबद्दल.

अशी लग्नं आपल्याकडे नवी नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा कमी खर्चातलं, पुरोहिताशिवाय होणारं लग्न हा त्या कार्याचाच एक भाग होता. नोंदणी विवाह करणारी मंडळीही पिढ्यान्पिढ्या आहेत. पण सर्वसाधारण घरांत छोटं लग्न म्हणजे ‘परिस्थिती नव्हती’ किंवा ‘घाईत उरकलं’ असंच समजलं जायचं. मग २०२० साल आलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पुढे लग्नाला पन्नास माणसांची मुभा मिळाली आणि एप्रिल २०२१मध्ये तर महाराष्ट्रात पंचवीस माणसं आणि दोन तास एवढ्यावर सगळं आलं. हजार पत्रिका छापून ठेवलेल्या घरांना पंचवीस नावं निवडावी लागली. त्यावरून झालेले रुसवेफुगवे मी पाहिले आहेत. २०२२मध्ये निर्बंध उठले आणि कार्यालयं पुन्हा भरली. तरी काही घरांना त्या छोट्या लग्नाची गोडी लागली ती लागलीच. अशा घरांतून मला अजून बोलावणी येतात.

तुम्ही म्हणाल, माणसं कमी म्हणजे काम सोपं. उलट आहे. हजार माणसांत फोटोग्राफर कोणाला दिसत नाही. पंचवीस माणसांत तो सव्विसावा असतो. तो कुठे उभा आहे, कधी हलला, त्याचे बूट दाराबाहेर आहेत की नाहीत, हे सगळ्यांना दिसतं. भटजी मंत्र म्हणत असताना कॅमेऱ्याची खटखट झाली, की आजोबा मान वळवून बघतात. शिवाय मोठ्या लग्नात एक क्षण हुकला तर वरातीतले दहा त्याची भरपाई करतात. इथे भरपाईला काही नसतं. मुलीच्या हातावर पाणी सोडलं जातं ते एकदाच.

म्हणून पहिली गोष्ट, विधी माहीत हवेत. यात भक्तीचा प्रश्न नाही, पुढे काय होणार हे ठाऊक असण्याचा आहे. अंतरपाटाचंच उदाहरण घ्या. मंगलाष्टकं चालू असताना बहुतेक फोटोग्राफर नवऱ्यामागे किंवा नवरीमागे उभे राहतात. तिथून एकच चेहरा दिसतो. मी अंतरपाटाच्या रेषेत बाजूला उभा राहतो, म्हणजे पडद्याची कड माझ्याकडे येते. असं उभं राहिलं, की दोघंही माझ्यापासून सारख्या अंतरावर असतात. कॅमेऱ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू अगदी स्पष्ट दाखवतं. घरातल्या कमी उजेडात भिंगाचं तोंड मोठं उघडावं लागतं, आणि ते जितकं उघडं तितका पुढचा-मागचा भाग जास्त धूसर होतो. एकाच्या मागे उभं राहून दोघांना टिपायला गेलं, तर एक जण नक्की धूसर येणार. बाजूनं ती अडचण राहत नाही. शेवटची ‘सावधान’ झाली, की पडदा एका बाजूला ओढतात. त्यानंतरचा अर्धा-पाऊण सेकंद मला हवा असतो. दोघं वर बघतात. हातातल्या हारांची आठवण अजून झालेली नसते.

आणि अक्षता! अक्षतांचा पाऊस फोटोत कसा येईल, हे पडदा किती वेळ उघडा राहिला यावर ठरतं. इथे पडदा म्हणजे कॅमेऱ्यातला शटर, अंतरपाट नव्हे. सेकंदाचा पाचशेवा भाग ठेवला, तर तांदळाचा एकेक दाणा हवेत टांगल्यासारखा दिसतो. साठावा भाग ठेवला, तर दाण्यांच्या रेघा होतात. मला स्वतःला मधलं काहीतरी आवडतं. चेहरे स्थिर आणि दाणे पडताहेत हे कळावं. टांगलेले तांदूळ मला जाहिरातीतले वाटतात.

दुसरी गोष्ट उजेड. घरातल्या लग्नात आमचा खरा यजमान म्हणजे खिडकी. लग्नाच्या आदल्या दिवशी मी त्या घरी जातो ते चहाला नव्हे, तर मुहूर्ताच्या वेळी कोणत्या खिडकीतून किती ऊन येतं ते बघायला. आपल्याकडे पाट बहुधा पूर्वेला तोंड करून मांडतात. सकाळचा मुहूर्त असेल आणि पूर्वेला खिडकी असेल, तर फोटोग्राफरनं देवाला नमस्कार करून स्वस्थ बसावं, चेहऱ्यांवर आपोआप मऊ उजेड पडतो. गोरज मुहूर्ताचं गणित वेगळं. तेव्हा उजेड डोळ्यांदेखत उतरत जातो. मंगलाष्टकं सुरू होताना जो होता, तो सप्तपदीपर्यंत उरत नाही.

खिडकीच्या उजेडाशी भांडण करतात ते ट्यूबलाइट. खिडकीतला उजेड थोडा निळसर, ट्यूबचा हिरवट, जुन्या बल्बचा पिवळा. आपला मेंदू हे सगळं सांभाळून घेतो आणि पांढरी टोपी आपल्याला पांढरीच दिसते. कॅमेऱ्याला एका वेळी एकाच प्रकारच्या उजेडाशी जुळवून घेता येतं. तिन्ही एकत्र आले, की नवरीचा एक गाल निळा आणि दुसरा हिरवा. उपाय सोपा आहे, ट्यूब बंद करायच्या. पण शुभकार्यात ‘दिवा बंद करा’ म्हणून सांगून बघा! एका घरी आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप खोलीबाहेर गेलो. तेव्हापासून ही विनंती मी आदल्या दिवशीच करतो, आणि ‘दिवा बंद’ असं न म्हणता ‘समईचा उजेड छान दिसेल’ असं म्हणतो. ते खोटंही नाही.

फ्लॅश मी मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत वापरत नाही. समोरून मारलेला फ्लॅश चेहरा सपाट करतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पाडतो. छताकडे वळवून मारला तर उजेड पसरून खाली येतो, पण त्याला छत पांढरं लागतं. छत गुलाबी असेल तर सगळं वऱ्हाड गुलाबी. जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर मारला तर काहीच परत येत नाही. आणि मुख्य म्हणजे, दर दोन मिनिटांनी वीज चमकली, की माणसं सावध होतात. सावध झालेला माणूस पोट आत घेतो, पदर सारखा करतो आणि कॅमेऱ्याला हवं तसं हसतो. मग मला जे टिपायचं होतं ते गेलेलं असतं.

हळदीचं एक सांगतो, कारण हल्ली घरचेच लोक मोबाइलवर हळदीचे फोटो काढतात आणि ‘रंग नीट येत नाही’ म्हणतात. कॅमेरा आपोआप रंग जुळवतो तेव्हा समोर फार पिवळं दिसलं, की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे. मग तो ते पिवळेपण मारायला निळा मिसळतो. हळद फिकी पडते आणि नवरी आजारी दिसते. त्यासाठी कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं. लग्नाच्या दिवशी मी त्यासाठी अंतरपाटाचं पांढरं कापडच वापरतो, कुंकवाचं स्वस्तिक सोडून उरलेल्या भागाचं.

छोट्या लग्नातला माझा सर्वांत आवडता वेळ मात्र गौरीहराचा. मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसून मुलगी गौरीहरापुढे बसते आणि अन्नपूर्णेला अक्षता वाहत राहते. बाहेर कोणीतरी भटजींची पिशवी शोधतंय, कोणीतरी गॅस संपला म्हणून ओरडतंय, आणि ही आत एकटी. त्या अख्ख्या दिवसात मुलगी एकटी असते ती बहुतेक तेवढीच. तिथे मी पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही आणि जमिनीवर मांडी घालून बसतो. आपले बहुतेक विधी जमिनीवर, पाटावर होतात. उभ्यानं फोटो काढणाऱ्याला भांग आणि मुंडावळ्या मिळतात, डोळे मिळत नाहीत. माझे गुडघे आता कुरकुरतात, पण उपाय नाही. एकदा बसलं, की चिमटीतल्या अक्षता दिसतात, ओठ किंचित हलताना दिसतात. काय म्हणते ते विचारायचं नसतं.

आता जे सांगणार आहे ते उजेडाचं आणि भिंगाचं नाही.

लग्नाच्या आठवडाभर आधी मी घरच्यांना तीन-चार प्रश्न विचारतो. भाऊ कोण? (लाजाहोमाला लाह्या तो देणार आणि नवऱ्याचा कानही तोच पिळणार.) मामा कोण? घरात कोणी आजारी, अंथरुणावर आहे का? आणि कन्यादान कोण करणार? हा शेवटचा प्रश्न मी पूर्वी नुसता यादीसाठी विचारायचो.

एप्रिल २०२१मधली गोष्ट. दोन खोल्यांचा फ्लॅट, पंचवीस माणसं, दोन तास. मुलीचे वडील काही वर्षांपूर्वी गेलेले. कन्यादान काका-काकू करणार होते. मी सहज विचारलं, ‘आणि आई कुठे बसतील?’ कोणी काही बोललं नाही. आईच म्हणाल्या, ‘मी असेन की इथेच कुठंतरी. स्वयंपाकघरात बघायला कोणीतरी पाहिजे ना.’

ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे ठाऊक असेल. नवरा गेलेली बाई लेकीच्या लग्नात सगळं करते, खरेदीपासून रुखवतापर्यंत, आणि ऐन विधीच्या वेळी दाराआड होते. कोणी तिला ‘जा’ म्हणत नाही. ती स्वतःच मागे सरते, कारण आयुष्यभर तिनं तेच पाहिलेलं असतं. माझं मत विचाराल, तर त्या माउलीनं पाटावर बसायला हवं होतं. पण मी त्या घरात पैसे घेऊन आलेला परका माणूस. ते मत त्या सकाळी ऐकवायचा अधिकार मला नव्हता.

मला एवढंच करता येण्याजोगं होतं, की पाट कुठे मांडायचे ते सुचवणं. मी भटजींना म्हटलं, पाट दोन फूट डावीकडे सरकवले तर खिडकीचा उजेड चांगला मिळेल. उजेड खरंच चांगला मिळत होता. पण त्यामुळे माझ्या जागेवरून काका-काकूंच्या मागे स्वयंपाकघराचं दार बरोबर चौकटीत येत होतं. भटजी समंजस होते, त्यांनी पाट सरकवले. कन्यादान सुरू झालं. आई दारात आल्या, चौकटीला हात धरून उभ्या राहिल्या, खांद्यावर हात पुसायचा नॅपकिन तसाच. पुढच्यांचे हात, पाण्याची धार, मुलीची खाली झुकलेली मान आणि मागे दारात आई. भिंगाचं तोंड मी मुद्दाम लहान केलं, म्हणजे मागचंही स्पष्ट येईल. एरवी मागचं धूसर करणं ही आमच्या धंद्यातली आवडती हौस असते. चार फोटो काढले. तिसऱ्यात मुलीनं मान वळवून मागे पाहिलेलं आहे.

अल्बमसाठी मुलीनं सगळ्यात आधी तोच निवडला. आईंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अगं बाई, माझा पदर किती वाकडा दिसतोय.’

त्यानंतर तो प्रश्न मी जाणूनबुजून विचारतो, आणि आठवडाभर आधीच. लग्नाच्या सकाळी विचारलं तर वाद होतो. आठवडा हाताशी असला, की घरात त्यावर बोलणं होतं. पुढे एका घरी याच प्रश्नावर मुलगी म्हणाली, ‘कन्यादान आई करेल.’ एक ज्येष्ठ आत्या नाराज झाल्या, मंगलाष्टकं होईपर्यंत बोलल्या नाहीत. भटजींनी हरकत घेतली नाही. आईंनी एकट्यानं पाणी सोडलं. हात थरथरत होता, म्हणून शेजारी बसलेल्या भावानं तांब्याला खालून आधार दिला. त्या फोटोत आत्याही आहेत, कोपऱ्यात, तोंड फिरवून. मुलीनं विचारलं, त्यांना कापून टाकता येईल का. येतं, संगणकावर काय येत नाही! मी म्हटलं, राहू द्या, त्या लग्नाला होत्या. तिनं राहू दिलं.

रडण्याबद्दलही लोक मला विचारतात, की पाठवणीचे फोटो काढावेत की नाही. आधी एक गंमत सांगतो. छोट्या खोलीत होम पेटला, की सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येतं. त्या धुरातले ‘भावुक’ फोटो मी वेगळे ठेवतो. खरं रडणं ओळखू येतं, ते करणारा माणूस चेहरा लपवतो. कार्यालयात नवरीच्या आईच्या तोंडाजवळ दिवा आणि कॅमेरा नेणारे मी पाहिले आहेत. घरात ते करायला धजावतच नाही. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो, लांबूनच एक-दोन काढतो, पाठमोरे. मिठीत मुलीचा चेहरा दिसत नाही, आईच्या पाठीवरची तिची बोटं दिसतात. तेवढे पुरतात. मग कॅमेरा खाली ठेवतो, कारण मी बघतोय म्हणून कोणी रडू आवरावं हे बरं नव्हे.

नोंदणी विवाहाचं थोडक्यात सांगतो. १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार आधी नोटीस द्यावी लागते, तीस दिवस थांबावं लागतं आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. प्रत्यक्ष सोहळा मात्र काही मिनिटांचा. फोटोची परवानगी अधिकाऱ्यांना आधीच विचारावी. बहुतेक जण सहीचा फोटो काढा म्हणतात. मी साक्षीदारांकडे बघतो. त्यात एखादी मैत्रीण असते, जिनं यांच्यासाठी घरच्यांशी पंगा घेतलेला असतो. सही करताना तिचा चेहरा बघा.

त्या दोन वर्षांत आणखी एक पाहुणा लग्नात आला तो अजून गेलेला नाही, मोबाइलवरून बघणारा. आजी गावी, भाऊ अमेरिकेत. टीपॉयवर डब्याला टेकवून मोबाइल ठेवलेला आणि त्यात त्यांचे चेहरे. मोबाइलचा पडदा खोलीपेक्षा कितीतरी उजळ असतो. खोलीप्रमाणे फोटो काढला तर पडदा नुसता पांढरा चौकोन येतो. पडद्याप्रमाणे काढला तर लग्न अंधारात. म्हणून मी आधी त्या मोबाइलचा उजेड कमी करून ठेवतो. मग आजीनं तिकडून हात जोडलेले इकडे दिसतात.

शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. तो जेवणाआधी घ्या. जेवण झालं, की एकेक जण चपला शोधू लागतो. वडीलधाऱ्यांना खुर्च्यांवर मध्यभागी बसवा, मुलं पुढे सतरंजीवर. मी खुर्चीवर चढतो, म्हणजे मागच्या रांगेतले चेहरे झाकत नाहीत. भटजींना बोलवा, स्वयंपाकाच्या मावशींना बोलवा. त्या ‘आम्ही कशाला’ म्हणतात, पण पंचवीस माणसांच्या लग्नात त्याही मोजलेल्या असतात.

आणि त्याच्या कागदावर प्रती काढा. मी सुरुवात केली तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल असायचा, माझ्या गुरुजींच्या वेळी बारांचा. त्या बारांतले कृष्णधवल फोटो लोक माझ्याकडे दुरुस्तीला आणतात आणि ते साठ वर्षांनीही नाकीडोळी स्पष्ट असतात. आज मी एका घरगुती लग्नात नऊशे फोटो काढतो, दीडशे निवडून देतो, आणि पाच वर्षांनी फोन येतो, ‘हार्ड डिस्क उघडत नाहीये, तुमच्याकडे आहेत का?’ तीस-चाळीस निवडून छापा आणि मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. बॉलपेननं नको, त्याचा वळ पुढे उमटतो. दुरुस्तीला येणाऱ्या त्या जुन्या फोटोंत पुढच्या रांगेत फ्रॉक घातलेली, एका बाजूला बघणारी एखादी लहान मुलगी हमखास असते. ही कोण, असं मी विचारतो. मुलगा आईला फोन करतो, आई मावशीला. बऱ्याचदा पत्ता लागत नाही. मग मी तिच्या गालावरचा बुरशीचा डाग तेवढा काढून देतो.